मोसंबीची राख

माणूस अंथरुणाला खिळला की आपल्याकडे भेटायला येणाऱ्यांच्या हातात मोसंबी दिसतात. जाळीची पिशवी, आत सहा-सात मोसंबी आणि शोभेला एखादं सफरचंद. आजार काय आहे ही चौकशी नंतर, पिशवी आधी. सांगलीतल्या एका घरात मात्र ही पिशवी दाराच्या आत कधी गेली नाही, कारण दारात आमचे सर उभे असायचे. कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, खिशाला आम्लानं पडलेलं भोक, आणि पाहुण्याला ‘या’ म्हणायच्या आधी पिशवीकडे गेलेला हात. "ही इकडं द्या. कुठनं घेतली? यार्डातनं का गाड्यावरनं?" पाहुणा गांगरून काहीतरी सांगायचा. सर पिशवी दाराबाहेरच्या खुंटीला अडकवायचे, आणि दुसऱ्या दिवशी ती मोसंबी आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत जळायची.

जळायची म्हणजे खरोखरच जळायची. मी त्या प्रयोगशाळेत सरांच्या हाताखाली रसायनशास्त्र शिकवत होते. मूळची साताऱ्याची, नोकरीनं सांगलीला आलेली, आणि जिभेनं जरा तिखट. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं कुणाची तक्रार नको. पहिल्या दिवशी विभागात पाऊल टाकलं तर असा करपट वास, की मला वाटलं कुठंतरी वायर जळतेय. मी घाबरून शिपायाला हाक मारली. तो शांतपणे म्हणाला, "वायर न्हाई मॅडम. सरांचं ईडलिंबू हाय."

सरांना नाद एकच. लिंबाच्या कुळातलं मिळेल ते फळ आणायचं, कागदी लिंबू, ईडलिंबू, मोसंबी, संत्रं, पपनस, महाळुंग, आणि कशात कुठलं खनिज किती हे ताडून बघायचं. फळ चिरून वाळवायचं, मुशीत घालून भट्टीत ठेवायचं ते पार पांढरी राख होईपर्यंत. मग ती राख आम्लात विरघळवून यंत्राच्या ज्योतीत सोडायची. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, ज्याचा त्याचा आकडा यंत्र सांगतं. विद्यार्थी त्या भट्टीच्या कोपऱ्याला ‘वैकुंठ’ म्हणायचे. सरांना ते ठाऊक होतं. "म्हणू दे," ते म्हणायचे. "तिथं गेल्यावरच कळतं गड्या, कुणी बरोबर काय आणलं होतं."

यातून त्यांना मिळायचं काय? काही नाही. ना बढती, ना बक्षीस. एकदा मी तोंडावरच विचारलं, "सर, एवढी वर्षं लिंबं जाळताय, सरबत तरी किती झालं असतं!" ते हसले नाहीत. त्यांचं घराणं माण तालुक्यातलं, मेंढरं राखणारं. घरात शिकलेले ते पहिले. म्हणाले, "आमचं मेंढरू बघा. अंगात काय कमी पडलं की जाऊन बरोबर तीच माती चाटतं. त्याला कुणी सांगावं लागत न्हाई. माणसाचं तसं न्हाई मॅडम. माणूस शेजारी काय खातोय बघून खातो. म्हणून मोजावं लागतं."

सांगलीच्या फळबाजारात त्यांची कीर्ती होती. विकणारे त्यांना लांबून ओळखायचे. हा माणूस किलोनं घेणार नाही. प्रत्येक ढिगातलं एक फळ उचलणार, नखानं साल खरवडणार, वास घेणार आणि मग झाडाची जन्मपत्रिका विचारणार. जमीन काळी का मुरमाड? पाणी विहिरीचं का पाटाचं? एका बागवानानं एकदा वैतागून सांगितलं, "सायेब, मला माझ्या सुनंचं गाव सांगता येईना, लिंबाचं कुठनं सांगू?" सरांनी त्याचंही लिंबू घेतलं, आणि चिठ्ठीवर लिहिलं, ‘गाव अज्ञात’.

लोकांना सरांकडून एकच उत्तर हवं असायचं, की सगळ्यात चांगलं फळ कुठलं. ते उत्तर सरांनी कुणाला दिलं नाही. "चांगलं? कुणासाठी?" असं उलटं विचारायचे. बाळंतिणीला वेगळं, पहिलवानाला वेगळं, बीपीवाल्याला वेगळं. कॅल्शियम सालीत जास्त, आणि साल तर आपण फेकून देतो. पोटॅशियम म्हणाल तर या सगळ्या भावंडांत तेच जास्त, कमी-अधिक एवढंच. पण लिंबू आपण चमचाभर पिळतो आणि मोसंबी तीन-तीन पिळून पेला भरतो, तर हिशेब फळाचा धरायचा का पेल्याचा? ऐकणारा एवढ्यात घड्याळ बघायला लागायचा.

फलटणकडचा एक बागायतदार मोठी गाडी घेऊन आला होता. त्याला खोक्यावर छापायला दाखला हवा होता, की त्याच्या मोसंबीत खनिजं इतरांपेक्षा जास्त आहेत. सरांनी फळं ठेवून घेतली, रीतसर जाळली, आणि आठवड्यानं तो आल्यावर सांगितलं, "तुमची मोसंबी चारचौघींसारखीच हाय. मात्र तुमच्या विहिरीचं पाणी एकदा तपासा. झाडापेक्षा खनिज तिथंच जास्त असंल." तो माणूस दाखला राहू द्या, चहाही न घेता गेला. मी म्हटलं, "सर, जरा गोड बोलला असता तर काय बिघडलं असतं?" "आकडा गोड करता येत न्हाई," एवढंच म्हणाले आणि मुशी घासायला लागले.

असा हा माणूस. कॉलेजात आम्ही त्यांना हसत होतो, स्वतःला शहाणे समजून हसत होतो. वहिनींच्या मूत्रपिंडांनी काम थांबवलं आणि हसणं संपलं.

वहिनी म्हणजे सरांची बायको. ठेंगणी, हसरी, बोलायला माणदेशी फटकळ. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. ज्यांच्या घरी हा आजार येतो त्यांना माहीत असतं, की मूत्रपिंड बंद पडलं की पोटॅशियम अंगातून बाहेर पडत नाही. ते साठतं, आणि फार साठलं की हृदय थांबतं. दुसऱ्याला पौष्टिक ते या माणसाला विष. म्हणजे जन्मभर जे सरांनी हौसेनं मोजलं, त्यालाच आता दारात अडवायची पाळी त्यांच्यावर आली. ते ज्या चेहऱ्यानं दारात उभे राहायचे तो मला अजून दिसतो. पाहुण्यांना राग यायचा. आजाऱ्याला दोन फोडी खाऊ घालू दिल्या नाहीत म्हणून एक मामी तर पायरीवरूनच परत गेल्या. सरांना कसलीही पर्वा नव्हती.

दवाखान्यात आहार सांगणारी एक तरुण मुलगी होती. ती बिचारी शांतपणे सांगत होती, काय चालेल, काय नाही. सर तिला प्रत्येक वाक्याला अडवत होते. तिनं संत्र्यातलं पोटॅशियम सांगितलं तर म्हणाले, कुठल्या संत्र्यातलं? शेवटी ती म्हणाली, "आणि सर, मिठाचं एक..." "मीठ मला शिकवू नका," सर म्हणाले आणि उठले. मी तिथंच होते. मला त्या पोरीची कीव आली, पण सरांच्या ज्ञानावर माझा इतका भरवसा होता की मलाही वाटलं, खरंच, यांना मीठ काय शिकवायचं?

वहिनींची तोंडाची चव पार गेली. पथ्याचं जेवण म्हणजे बिनमिठाचं, भाज्या उकळून पाणी फेकून दिलेल्या. घास तोंडात फिरायचा आणि खाली जायचा नाही. अंग झडत चाललं. एके दिवशी त्या मला म्हणाल्या, "मॅडम, मला दुसरं काय बी नको. जिभेला जरा आंबट लागलं पायजे. न्हाईतर माती खाल्ल्यासारखं वाटतंय." सर बाजूलाच होते.

त्यानंतर काही दिवस त्यांनी प्रयोगशाळा सोडली नाही. सगळी लिंबं नव्यानं जाळली. या वेळी किलोचा हिशेब नाही, फोडीचा हिशेब. कुठल्या लिंबाची एक फोड साल आणि रसासकट वहिनींना झेपेल? कागदी लिंबू पास झालं. मग सर घरी गेले आणि स्वतः ओट्यापाशी उभं राहून त्यांनी लिंबाचं लोणचं घातलं. नेहमीचं मीठ चालणार नव्हतं, त्यानं सूज वाढते. म्हणून दुकानातून कमी सोडियमचं मीठ आणलं. लोणचं मुरल्यावर एके दिवशी कॉलेजात आले ते जणू पोराचं लग्न ठरल्यासारखे. "मॅडम, जेवली! दोन फोडींबरोबर सगळा भात जेवली!" त्या माणसाला इतकं आनंदी मी त्याआधी पाहिलं नव्हतं. खरं सांगते, मला भरून आलं.

त्याच सुमारास अक्का आली. अक्का म्हणजे वहिनींची थोरली बहीण, कोरेगावची. आई लवकर गेल्यामुळं अक्कानंच वहिनींना कडेवर घेऊन वाढवलेलं. विधवा, करारी, शब्दाला पक्की. रिवाजाप्रमाणे तिच्याही हातात मोसंबी होती, आणि रिवाजाप्रमाणे सरांनी ती खुंटीला अडकवली. सर कॉलेजला गेल्यावर दुपारभर दोघी बहिणीच घरात होत्या. संध्याकाळी सर परतले तर खोलीत मोसंबीचा वास, आणि केराच्या डब्यात साल.

अक्कानं तिथल्या तिथं सांगितलं, "तिनंच मला सोलायला लावलं, पाव्हणं. म्हनली, तू माझ्याफुडं बसून खा, मी नुसता वास घेते. म्या खाल्लं. तिनं एक फोड बी तोंडात घातली न्हाई." अक्का दुसऱ्या दिवशी गावी गेली.

आणि दोन दिवसांनी वहिनी कोसळल्या. हातापायातलं बळ गेलं, नाडी मंद झाली, ओठांतून शब्द फुटेना. दवाखान्यात रक्त तपासलं तर पोटॅशियम भयंकर वाढलेलं. तातडीनं डायलिसिसला घेतलं. बाहेर व्हरांड्यात सगळे नातेवाईक जमले होते, अक्काही मिळेल त्या गाडीनं धावत आली होती. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "यांनी फळं खाल्ली का? इतकं एकदम कशानं वाढलं?"

सर वळले आणि सगळ्यांसमोर अक्काला म्हणाले, "तुमी माझ्या बायकोला मारायला आला होता."

अक्का भिंतीला टेकून उभी राहिली. "लेकरागत वाढवली रं मी तिला," एवढंच म्हणाली. सर म्हणाले, "वाढवलीत, आता मारू नका. माझ्या घरात पाय ठेवायचा न्हाई." अक्का निघून गेली. तिच्या मागं कुणी गेलं नाही. त्या व्हरांड्यातल्या प्रत्येकाला तिचाच दोष वाटत होता, मलासुद्धा. साल केरात सापडली होती ना!

वहिनी वाचल्या. शुद्धीवर आल्यावर त्यांनीही तेच सांगितलं, की मी नुसता वास घेतला. सरांना वाटलं, बहिणीला पाठीशी घालतेय. रोज त्या अक्काला बोलवा म्हणत, आणि रोज सर विषय बदलत. अक्काचा फोन आला तर सर उचलत नव्हते. वहिनी भिंतीकडं तोंड करून पडून राहायच्या. औषधानं जेवढं सुधारत होतं, तेवढं या एका गोष्टीनं खचत होतं, हे मला बाहेरच्या बाईला दिसत होतं.

पण सर म्हणजे सर. आरोप केला तरी आकड्यानं तो शाबीत करायला हवा. त्यांनी खुंटीवरच्या त्याच पिशवीतली राहिलेली मोसंबी जाळली आणि हिशेब मांडला. हिशेब बसेना. एक अख्खं मोसंबं खाल्लं असतं तरी रक्तातला आकडा तेवढा चढला नसता. दोन खाल्ली असती तरी नाही. पिशवीत तर एकच कमी होतं. मला वाटलं आता सोडून देतील. सोडतील कसले! "मग दुसरीकडनं आलंय," म्हणाले, आणि वहिनी त्या आठवड्यात जे जे जेवल्या ते सगळं घेऊन प्रयोगशाळेत आले. तांदूळ, डाळ, उकडलेली भाजी, पिण्याचं पाणी. सगळं निर्दोष निघालं. शेवटी उरलं लोणचं. ते त्यांनी नुसतं राहायला नको म्हणून जाळलं.

यंत्राचा आकडा चढत चढत शेवटाला गेला आणि तिथंच थांबला. सर म्हणाले, यंत्र बिघडलं. नळी धुतली, पुन्हा केलं. म्हणाले, मूस खराब असंल. दुसरी घेतली. मग द्रावण पाणी घालून घालून पातळ केलं, तरी आकडा भलताच. त्यांनी नुसतं लिंबू पुन्हा तपासलं. ते पहिल्यासारखंच पास. हळद तपासली, तिखट तपासलं. त्यात एवढं काही नव्हतं.

मग ते स्टुलावर बसले. मला वाटलं चक्कर आली. पाणी घेऊन गेले तर माझ्याकडं न बघता म्हणाले, "सोडियम कमी करायचं, तर मीठ करणारा त्याच्या जागी काय घालणार, मॅडम?"

मी पाण्याचा पेला टेबलावर ठेवला.

"पोटॅशियम क्लोराईड," तेच म्हणाले. "अकरावीतल्या पोरानं सांगितलं असतं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपण सहज म्हणतो. मी ते त्या दुपारी डोळ्यांनी पाहिलं, आणि पुन्हा कुणाला गमतीनं म्हणायचं धाडस झालं नाही. गावभरची मोसंबी ज्यानं दारात अडवली, त्यानं विष स्वतःच्या पिशवीतून घरात नेलं होतं. लिंबाचा कण न् कण मोजला, आणि मीठ मोजलं नाही, कारण मीठ म्हणजे मीठच, त्यात काय मोजायचं! त्या मुलीला दवाखान्यात बोलू दिलं असतं तर ती हेच सांगणार होती.

हे आम्हा दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. लोणचं फेकून दिलं असतं तर जगाच्या पाठीवर कुणाला कळलं नसतं, आणि अक्का जन्मभर दोषी राहिली असती. सरांच्या मनात तो विचार आलाही नसावा. मी म्हटलं, "सर, अक्कांना फोन लावू?"

"न्हाई. समद्यांसमोर तोंडावर बोललो होतो. तोंडावरच सांगायला पायजे. तुमी चला, साक्षीला."

सरांचा मुलगा पुण्याहून आला होता, त्याला घरी बसवून आम्ही सकाळच्या पॅसेंजरनं कोरेगावला निघालो. कऱ्हाडला मी चहा घेतला, त्यांनी हात हलवून नको म्हटलं. हातात कागद होता, त्यावर आकडे. रहिमतपूर गेल्यावर त्यांनी तो चुरगळून खिशात घातला.

अक्का अंगणात बसली होती. शेजारच्या चार-पाच बायका गोळा झालेल्या, मधे घेवड्याचा ढीग, आणि निवडण चाललेलं. सरांना बघून बायकांनी पदर सावरले. अक्कानं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. बसा म्हणाली नाही. सर उन्हात उभे राहिले आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली, पण ती वर्गात करतात तशी. पोटॅशियम, सोडियम, क्लोराईड. घेवडा निवडणाऱ्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"मला कळंल असं बोला, पाव्हणं," अक्का म्हणाली.

सर एक पाऊल पुढं आले. "तुमची काय चूक न्हवती. तुमी तिला काय दिलं न्हाई. ती तुमच्यामुळं न्हाई पडली, माझ्यामुळं पडली. म्या लोणचं घातलं, त्यात मीठ घातलं, ते मीठ तिला चालत न्हवतं. म्या तुमाला न्हाई न्हाई ते बोललो. समद्यांसमोर बोललो." मग त्यांनी त्या उन्हात, त्या बायकांच्या देखत हात जोडले. एवढा मोठा प्राध्यापक माणूस. मला बघवलं नाही.

अक्काचे हात घेवड्यात थांबले. मला वाटलं आता हाकलून देणार, आणि तिनं हाकललं असतं तर मी तिला नावं ठेवली नसती. शेवटी म्हणाली, "तिला सांगितलं का?"

सरांनी जोडलेले हात खाली घेतले.

"न्हाई सांगितलं?"

"आधी तुमाला..."

"व्हय, माझ्यापाशी सोपं हाय," अक्का म्हणाली. "म्या काय, लांबची. शिव्या घातल्या तरी गाडीत बसून परत जाशीला. तिच्याम्होरं बोलायला छाती लागती." तिनं पदरातला घेवडा झटकला आणि उठली. शेजारणीला म्हणाली, "एवढं आवरून ठेव गं. म्या सांगलीला चालले." मग सरांकडं वळून म्हणाली, "चला. तुमी सांगताना म्या समोर पायजे."

आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मुलगा औषधं आणायला बाहेर गेला. वहिनी खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. अक्काला दारात बघितलं आणि त्यांचे डोळे भरले. "आलीस व्हय गं?" म्हणून हात पुढं केला. अक्का पायथ्याशी बसली, बहिणीचे पाय मांडीवर घेतले आणि म्हणाली, "आधी ह्ये काय म्हनत्यात ते ऐक."

सर खोलीच्या मधोमध उभे. या वेळी क्लोराईडबिराईड काही नाही. "लोणच्यातलं मीठ," ते म्हणाले. "त्यानंच तू पडलीस. म्या आणलं आन म्या घातलं. अक्कांनी काय केलं न्हाई. तू खरं सांगत होतीस, म्या ऐकलं न्हाई."

वहिनींनी नवल केलं नाही. किंचाळल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"कडू होतं ते मीठ," त्या म्हणाल्या. "पयल्या घासालाच कळलं मला."

"कळलं?" सरांचा आवाज चिरकला. "मग बोलली का न्हाईस?"

वहिनींना धाप लागली होती. अक्कानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "लग्न झाल्यापास्नं तुमी चुलीपाशी कवा उभं राहिला न्हाई," त्या म्हणाल्या. "एक दिवस राहिला, माझ्यासाठी. लिंबं पुसली, चिरली, बरणी उन्हात ठिवली. आन मी जेवाय बसले की म्होरं बसायचा, आवडलं का, आवडलं का. त्याला कडू कसं म्हनू मी?" थोडा श्वास घेतला. "तुमी लय खुशीत होता. म्हनून मी दोन फोडी जास्तच घेत हुते."

सर खाली बसले. खुर्ची होती, पण जमिनीवरच बसले, खाटेचा कठडा धरून, आणि रडले. आवाज न करता नाही, चांगले हुंदके देऊन रडले. मी खिडकीकडं तोंड केलं. माझंही काही वेगळं चाललं नव्हतं. दिवसभर जिनं सरांकडं एकदाही मायेनं बघितलं नव्हतं, त्या अक्कानंही डोळ्याला पदर लावला.

वहिनींनीच त्यांना थांबवलं. "पुरे आता," म्हणाल्या. "अक्का सकाळपास्नं उपाशी असंल. तिला च्या टाका."

मी चटकन उठले, तर अक्कानं माझं मनगट धरून मला खाली बसवलं. सर डोळे पुसत आत गेले. भांडी आपटल्याचा आवाज झाला, मग काडी ओढल्याचा, मग पुन्हा एकदा. वहिनी कान देऊन ऐकत होत्या.

"साखर किती घालायची?" आतून सरांनी विचारलं.

"घाला की अंदाजानं," वहिनी म्हणाल्या.